डॉक्टर म्हणतात तपासा, कंपनी म्हणते बसत नाही!



गळीत हंगाम आटोपला की गटवार सभा घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. सभेत काय विचारले जाते तेही ठरलेले. दर किती बसणार, टोळी वेळेवर का आली नाही, खोडव्याची नोंद कशी राहिली, काट्यावर गाडी किती तास उभी होती. गेल्या वर्षी मात्र एका गटात सभा संपून चहा चालू असताना एक वयस्कर सभासद आम्हाला बाजूला घेऊन गेले. बंडीच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून म्हणाले, "एवढं जरा वाचून सांगा. पोरानं वाचलंय, पण मला उलगडा होईना. मी आजारी होतो का नव्हतो, तेवढं सांगा म्हंजे झालं."

कागद विमा कंपनीचा होता. मजकूर इंग्रजीत, मतितार्थ असा : आपणास रुग्णालयात दाखल केले ते मुख्यत्वे तपासण्यांसाठी, सबब पॉलिसीतील वगळलेल्या बाबी, क्रमांक ०४ अन्वये आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.

त्यानंतर आम्ही जिथे जिथे गेलो तिथे हा विषय काढला, आणि असे कागद घरोघर निघू लागले. कुणाची पॉलिसी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने काढलेली, कुणाची बँकेतल्या साहेबांच्या आग्रहाने घेतलेली, कुणाची पतसंस्थेमार्फत. हप्ता सगळ्यांनी नेमाने भरलेला. पॉलिसी मात्र कुणीच वाचलेली नाही, आणि नकाराचा कागद आल्यावर पुढे काय करायचे हेही कुणाला ठाऊक नाही. म्हणून या अंकात उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून या कागदाविषयी लिहीत आहोत.

आबांची हकिकत

त्या सभासदांना आपण आबा म्हणू. त्यांच्या संमतीनेच लिहीत आहोत, नाव तेवढे देत नाही. वय अठ्ठावन्न. पाच एकर ऊस, त्यात दोन एकर आडसाली. रात्रीची लाईट होती, म्हणून पाणी धरायला गेले होते. पहाटे तीनच्या सुमारास छाती आवळून आली. "छातीवर साखरेचं पोतं ठेवल्यागत झालं, अन् घामानं सदरा चिंब," असे ते सांगतात. बांधावर बसले. मोबाईलवरून पोराला हाक मारली.

तालुक्याच्या डॉक्टरांनी ई.सी.जी. काढला. त्यात थोडा फरक दिसला. त्यांनी गोळी चघळायला दिली आणि चिठ्ठी देऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथे आबांना अतिदक्षता विभागात ठेवले. हृदयाला इजा झाली आहे का हे दाखवणारी रक्ताची तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा झाली. टू-डी एको झाला. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने चालू होती, मॉनिटर लावलेला होता. दुसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी केली. देवाच्या कृपेने मोठा अडथळा निघाला नाही. रक्तदाब मात्र फार वाढलेला होता. तिसऱ्या दिवशी औषधे ठरवून घरी सोडले. बिल झाले ४६,८०० रुपये.

कॅशलेस मंजूर झाले नव्हतेच. पैसे भरले ते सोसायटीच्या पीककर्जातून. लागणीच्या खतासाठी आणलेली रक्कम दवाखान्यात गेली. नंतर दावा पाठवला, तर दीड महिन्याने हा कागद आला.

आबांचा प्रश्न साधा होता, पण त्यामागे दुखरी जागा होती. नात्यागोत्यात चर्चा अशी सुरू झाली होती की, म्हातारा उगीच घाबरला, त्याला काही झालेच नव्हते, कंपनीनेही तसेच लिहून दिले आहे. घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघायची आबांना चोरी झाली होती. पैसे गेले ते गेलेच, वर खोटे पडलो, असे त्यांना वाटत होते.

ब्रिक्स पाहणे म्हणजे काय?

तोडणीचा कार्यक्रम लावण्याआधी शेतकी खात्याचा माणूस फडात येतो. ऊस निवडतो, रस काढतो आणि ब्रिक्स पाहतो. ऊस पक्व झालेला नाही असे निघाले तर तोडणी पुढे ढकलतो. आता त्यावर कुणी असे म्हटले की, ऊस पक्व नव्हताच, मग ब्रिक्स पाहायची गरज काय होती, तर आपण त्याला काय म्हणू? अहो, पाहिला म्हणून तर कळले!

डॉक्टरांच्या तपासणीचेही तेच आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाची अँजिओग्राफी स्वच्छ निघाली, याचा अर्थ ती अनाठायी होती असा होत नाही. तपासणी गरजेची होती की नाही, हे त्या रात्री माणसाला काय होत होते त्यावर ठरते. रिपोर्ट नंतर काय आला, त्यावर नाही. आम्ही आबांना एवढेच सांगितले, "तुम्ही आजारी होता. या कागदात तुम्ही आजारी नव्हता असं कुठंही लिहिलेलं नाही. आमच्या नियमात पैसे बसत नाहीत, एवढंच कंपनी म्हणते. अन् तेही बरोबर आहे का चूक, ते अजून ठरायचंय."

विमा कंपनीचा नकार हा पैशाचा नकार असतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्याचा निकाल नसतो. ही गोष्ट लक्षात न आल्यामुळे काय होते, ते पुढे येईलच.

क्रमांक ०४ मध्ये लिहिले आहे काय?

आपल्या देशात मेडिक्लेमची पॉलिसी १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणली. पुढे खाजगी कंपन्या आल्या, आणि ज्याची त्याची वगळण्याची भाषा वेगळी झाली. म्हणून विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळलेल्या बाबींचे शब्द सर्व कंपन्यांना सारखे ठरवून दिले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. त्यातला क्रमांक ०४ तपासणीचा. त्यात दोनच वाक्ये आहेत.

पहिल्याचा अर्थ असा : दाखल होण्याचा मुख्य हेतू फक्त तपासणी व निदान हाच असेल, तर तो खर्च मिळणार नाही. दुसऱ्याचा अर्थ असा : चालू निदानाशी व उपचाराशी ज्या तपासण्यांचा संबंध नाही, त्यांचा खर्च मिळणार नाही.

आता ही वाक्ये सातबारा वाचतो तशी सावकाश वाचावीत. पहिल्यात "मुख्य" आणि "फक्त" असे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे दाखल असताना उपचारही झाले असतील, तर हे वाक्य आपोआप लागू होत नाही. दुसऱ्या वाक्याची दुसरी बाजू अशी की, ज्या तपासण्यांचा आजाराशी व उपचाराशी संबंध आहे, त्या या कलमाने वगळलेल्या नाहीत.

आबांना दोन दिवस इंजेक्शने चालू होती, मॉनिटर होता, रक्तदाब उतरवण्याचे उपचार झाले. प्रत्येक तपासणी त्यांच्या दुखण्याशी निगडित होती. मग "मुख्यत्वे तपासणीसाठी" हे कशावरून? तर डिस्चार्ज कार्डावर घाईत लिहिले होते, "छातीत दुखणे, तपासणीसाठी दाखल. अँजिओग्राफी नॉर्मल. घरी सोडले." दिलेल्या इंजेक्शनांचा कार्डावर उल्लेखच नव्हता. कंपनीच्या टेबलावरच्या माणसाने जे वाचले त्यावर निकाल दिला. आबा त्याला दिसले नव्हते, दिसला तो कागद.

सगळेच नकार खोटे नसतात

इथे आपल्याही पदरातले थोडे बोलले पाहिजे. हे कलम आले ते उगीच नव्हे. "तपासण्या बाहेर केल्या तर क्लेममध्ये बसत नाहीत, एक रात्र ॲडमिट व्हा, म्हणजे सगळं बसवून देतो," हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? किती जणांनी मान डोलावली आहे? धडधाकट माणूस रात्रभर खाटेवर झोपवायचा, सकाळी एम.आर.आय. करायचा आणि बिल कंपनीच्या नावावर टाकायचे, हे प्रकार होतात. त्यांच्यासाठीच हे कलम आहे. असा दावा नाकारला गेला तर तक्रारीला तोंड राहत नाही. शिवाय अशा दाव्यांमुळे खऱ्या दुखणेकऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते.

दुसरे असे की, आपल्या बहुतेक पॉलिसी दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात, आणि दाखल म्हणजे साधारणपणे सलग २४ तास. घरून जाऊन केलेल्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, एम.आर.आय. यांचा खर्च नुसत्या तपासणीसाठी मिळत नाही. ओ.पी.डी.ची वेगळी सोय पॉलिसीत असेल तरच मिळतो. मात्र एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तपासणीनंतर त्याच आजारासाठी दाखल व्हावे लागले आणि तो दावा मंजूर झाला, तर दाखल होण्यापूर्वी ठराविक दिवसांत केलेल्या तपासण्यांचे पैसेही मागता येतात. सर्व कंपन्यांकडे मिळणाऱ्या "आरोग्य संजीवनी" या ठराविक नमुन्याच्या पॉलिसीत दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस धरलेले आहेत. इतर पॉलिसींत मुदत कमीजास्त असेल, ती पाहून घ्यावी. पण हे पैसे मिळतात ते पावती असेल तरच. काट्याची पावती फाडून टाकायची आणि मग वजनाचा वाद घालायचा, तसे इथेही चालत नाही.

आक्कांनी वाट पाहिली

आता दुसरी हकिकत. ही लिहिताना हात अडखळतो. पण खुद्द आक्काच म्हणाल्या, "लिवा. दुसरी कुणी माझ्यावानी बसून राहू नये."

आक्का आपल्या कारखान्याच्या सभासद. मालक गेल्यापासून शेअर त्यांच्या नावावर. छातीत गाठ हाताला लागली. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि मॅमोग्राफी व सुईची तपासणी ताबडतोब करायला सांगितली. मुलाने कंपनीला फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "ओ.पी.डी.च्या तपासण्या तुमच्या पॉलिसीत बसत नाहीत." मुलाने घरी येऊन तसेच सांगितले. आक्का म्हणाल्या, "कंपनी नको म्हणती, म्हंजे एवढं निकडीचं नसंल. उसाचं बिल आलं की बघू."

बिल यायला चार महिने लागले. तपासणी झाली तेव्हा दुखणे काखेतल्या गाठींपर्यंत गेले होते.

बंधू-भगिनींनो, इथे कंपनीचे उत्तर पॉलिसीप्रमाणे बरोबर होते. चुकला तो आपण घेतलेला अर्थ. "आम्ही पैसे देणार नाही" हे कंपनीचे वाक्य आपण "तपासणीची गरज नाही" असे ऐकले. फोनवरच्या मुलीला आक्कांची गाठ ठाऊक नव्हती. तिच्यासमोर पॉलिसीचा नंबर होता. गाठ ज्यांच्या हाताला लागली होती, त्या डॉक्टरीणबाई "ताबडतोब" म्हणाल्या होत्या.

आणि पैशाची वाट तरी का पाहावी लागली? महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय व जिल्हा रुग्णालयात, उपचार व तपासण्या विनाशुल्क केलेल्या आहेत. सगळ्या सोयी सगळीकडे नसतात, रांग असते, हे खरे. पण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयात जाणे आणि चार महिने घरी बसणे यात फार अंतर आहे.

आक्कांचे उपचार पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून सुरू झाले. ही योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आज ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडलेली आहे, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पूर्वी पांढरे रेशनकार्ड असलेला बागायतदार तिच्यात बसत नव्हता. आता सर्व रेशनकार्डधारक बसतात. यादीतल्या आजारासाठी योजनेच्या दवाखान्यात दाखल झाल्यावर, त्या उपचाराला लागणाऱ्या तपासण्या पॅकेजमध्येच असतात. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर तिथल्या आरोग्यमित्राला गाठावे, किंवा १५५३८८ या नंबरवर फोन करावा. आक्का आज उपचार घेत आहेत आणि डॉक्टर धीर देतात. पण गेलेले चार महिने कोणतीही योजना परत देत नाही.

नकार आला तर काय करावे?

आता पायरी पायरीने सांगतो. हे कात्रण पॉलिसीच्या कागदांबरोबर ठेवावे.

१. कॅशलेस नाकारले म्हणजे दावा संपला नाही. नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची विनंती आल्यावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो. तो नकाराचा आला तरी उपचार थांबवू नयेत. पैसे भरून, सर्व मूळ पावत्या घेऊन, नंतर दावा करता येतो.

२. नकार लेखी घ्या. "फोनवर नाही म्हणाले" याला काडीची किंमत नाही. त्याच परिपत्रकाप्रमाणे कंपनीतल्या एकट्या माणसाला दावा फेटाळता येत नाही, त्याला तीन जणांच्या दावा पुनर्विलोकन समितीची मंजुरी लागते. आणि पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या अटीने नाकारला, तेही कळवावे लागते. हे लेखी कारण फार मोलाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका विमा प्रकरणात स्पष्ट केले आहे की, नकाराच्या पत्रात जे कारण दिले नाही, ते कंपनीला मागाहून पुढे करता येत नाही.

३. पॉलिसीचे ते कलम स्वतः वाचा. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुला-सुनेला वाचायला लावा. आबांचे निम्मे काम "मुख्य" आणि "फक्त" या दोन शब्दांनी केले.

४. डॉक्टरांकडून पत्र घ्या. नुसते "हे आजारी होते" असे प्रमाणपत्र उपयोगाचे नाही. त्यात चार गोष्टी याव्यात : आणले तेव्हा रुग्णाची लक्षणे काय होती, घरी न पाठवता दाखल करणे का भाग होते, दाखल असताना कोणते उपचार दिले, आणि तपासणीच्या निकालावरून पुढचे कोणते औषध ठरले किंवा बदलले. बहुतेक डॉक्टर आनंदाने लिहून देतात, मात्र त्यांना नकाराचे पत्र दाखवावे लागते. दवाखान्यातली केसपेपरची नक्कल रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावी, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा २००२ पासूनचा नियम आहे. नर्सने वेळोवेळी केलेली इंजेक्शनाची नोंद त्या नकलेतच सापडते.

५. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. पॉलिसी नंबर, दावा नंबर, नकाराची तारीख, कलमाचा क्रमांक आणि आपले म्हणणे एका पानात मांडा. शिव्याशाप नकोत, रडगाणेही नको. पोच घ्या. उत्तर साधारण दोन आठवड्यांत यायला हवे. नियामक प्राधिकरणाच्या "बिमा भरोसा" या यंत्रणेकडेही तक्रार नोंदवता येते. त्यासाठी फोन नंबर १५५२५५.

६. तिथेही नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आले नाही, तर विमा लोकपाल. ही यंत्रणा आपल्यासारख्यांसाठीच आहे, आणि आपल्यालाच तिची माहिती सर्वांत कमी आहे. फी नाही. वकील लागत नाही. तक्रार कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत करावी. ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद तिथे चालतात. मुंबई महानगर परिसर सोडला तर राज्याच्या बहुतेक भागासाठी लोकपालांचे कार्यालय पुण्यात आहे. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते. आवश्यक कागद पोचल्यावर तीन महिन्यांत निवाडा व्हावा असा नियम आहे. तो कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपयांप्रमाणे दंडाची रक्कम तक्रारदाराला द्यावी लागते. उसाचे पैसे १४ दिवसांत दिले नाहीत तर १५ टक्के व्याज, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचे कलम आपल्याला पाठ आहे. तसेच हेही पाठ करावे.

७. निवाडा पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. तिथली मुदत दोन वर्षांची. मात्र एकच तक्रार दोन्ही ठिकाणी एकाच वेळी चालवता येत नाही. आयोग शब्दाला चिकटून बसतात असेही नाही. २०२३ मध्ये बडोद्याच्या आयोगाने असे म्हटले की, नव्या औषधोपचारांमुळे रुग्ण लवकर बरा होऊन घरी गेला, तर केवळ २४ तास भरले नाहीत म्हणून दावा नाकारता येणार नाही.

दवाखान्यात बोलताना जपून

एक इशारा द्यावासा वाटतो. दाखल करताना शिकाऊ डॉक्टर विचारतात, "ब्लडप्रेशर कधीपासून?" आपण सवयीने सांगतो, "असंल की धा-बारा वरीस." बोलण्याची आपली पद्धतच तशी. आपण म्हणतो दोन महिन्यांना "लई दिवस". पण ते "धा-बारा वरीस" कागदावर उतरते आणि कंपनी म्हणते, तुम्ही पॉलिसी घेताना आजार लपवला. तेव्हा जे नक्की ठाऊक आहे तेच सांगावे. ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" म्हणावे. खोटे मात्र सांगू नये, दवाखान्यात नाही आणि पॉलिसीच्या फॉर्मवर तर मुळीच नाही. साखर आहे, दाब आहे, हे फॉर्मवर लिहिल्याने फार तर थांबण्याची मुदत लागते, आणि तीही २०२४ च्या नियमांप्रमाणे ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, तर त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय "माहिती लपवली" या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. म्हणून हप्ता चुकवू नये.

आबांचे पुढे काय झाले?

डॉक्टरांनी अर्ध्या पानाचे पत्र दिले. केसपेपरची नक्कल निघाली, त्यात इंजेक्शनांच्या वेळा नोंदवलेल्या होत्या. पुतण्याने अर्ज लिहिला. कंपनीने पुन्हा तेच वाक्य लिहून नकार कळवला. मग पुण्याला लोकपालांकडे तक्रार गेली. सुनावणीच्या दिवशी आबा पुतण्याच्या मोबाईलसमोर इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. त्यांना विचारले, "त्या रात्री काय झालं?" आबांनी सांगितले, जसे आम्हाला सांगितले होते तसेच, पोत्यासकट. कंपनीने पैसे द्यायचे मान्य केले. हातमोजे आणि फायलीचा खर्च अशा न मिळणाऱ्या बाबी वजा जाऊन ४१ हजारांच्या वर रक्कम खात्यात जमा झाली. नकाराच्या कागदापासून पैसे हातात पडेपर्यंत सात महिने गेले.

सात महिने थोडे नव्हेत. खत वेळेवर पडले नाही, त्या फडाचे टनेज घटले, ते कुणी भरून देत नाही. पण परवा कारखान्यावर भेटले तेव्हा आबा पैशांविषयी फार बोललेच नाहीत. म्हणाले, "भावकीत आता कुणी म्हणत न्हाई, म्हातारा उगीच घाबरला म्हणून." रक्तदाबाची गोळी रोज घेतात. रात्रीच्या पाण्याला पोरगा जातो.

सहकाराने आपल्याला एक गोष्ट शिकवली. १९५० साली प्रवरेकाठी शेतकरी एकत्र आले, ते एकट्याचे कुणी ऐकत नाही हे कळले म्हणून. विम्याचा हप्ता म्हणजेही दुसरे काय आहे? अनेकांनी थोडे थोडे टाकायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला उचलायचे. तिथे भीक मागायची नसते, आणि खोटे बिलही लावायचे नसते. हक्काचे असेल ते कागद दाखवून मागायचे. ज्यांना अर्ज लिहिता येतो अशा मुलांनी आपापल्या गटात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कागद वाचून द्यावेत, एवढी आमची विनंती आहे.

आणि माता-भगिनींना वेगळे सांगणे. डॉक्टरांनी तपासणी सांगितली तर ती उसाच्या बिलासाठी थांबवू नका. कंपनीशी भांडायला वर्षभराची मुदत आहे. दुखण्याला मुदत नसते.

नकाराचा कागद फाडू नका. आणि तो आला म्हणून तपासणीची चिठ्ठीही फाडू नका.